निळ्यावर लाल अक्षरे का वाचली गेली नाहीत

देवगड तालुक्यातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात: "मी एका मच्छीमार सहकारी संस्थेत लेखनिक आहे. गेल्या वर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रथमच प्रोजेक्टरवर अहवाल मांडायचे ठरले आणि स्लाइड करण्याचे काम माझ्याकडे आले. समुद्राचे काम म्हणून मी निळी पार्श्वभूमी घेतली, मजकूर लाल ठेवला, आकडे पिवळे केले. बांगडा, तारली, सुरमई, पापलेट आणि कोळंबी यांच्या पाच वर्षांच्या आवकेचा आलेख रंगीत रेघांनी काढला. घरी लॅपटॉपवर सगळे सुरेख दिसत होते. सभेत मागच्या रांगांतून 'कायच दिसणा नाय' अशी ओरड झाली. होडीचे प्रमुख असलेल्या एका ज्येष्ठ तांडेलांनी तर सर्वांदेखत विचारले, 'ह्यातली बांगड्याची रेघ खयची आणि तारलीची खयची?' एक लाल होती आणि एक हिरवी. लोक हसले आणि ते खाली बसले. ते मुद्दाम बोलले असे मला वाटले होते, पण आता तसे वाटत नाही. यंदाची सभा सप्टेंबरात आहे. भाचा म्हणतो प्रत्येक स्लाइडला वेगळा रंग दे, सचिव म्हणतात रंग नकोच, सगळे काळे-पांढरे ठेव. कोणते रंग घेऊ?"

सप्रेम नमस्कार.

मी बरीच वर्षे शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसवली, आणि रंगचक्रावर समोरासमोर येणारे रंग शेजारी ठेवले की ते एकमेकांना उठाव देतात, हे त्या मुलांकडून घोकून घेतले. कागदावर, पोस्टर रंगांत आणि हातभर अंतरावर ते खरेही आहे. निवृत्तीनंतर बचत गटांच्या आणि बागायतदारांच्या बैठकांसाठी तक्ते व स्लाइड करून देऊ लागलो तेव्हा लक्षात आले की पडद्यावर आणि तीस फुटांवर हा धडा जसाच्या तसा लागू होत नाही. रंग वेगळा दिसणे आणि अक्षर वाचता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या गेल्या वर्षीच्या स्लाइडचे दुखणे या दोहोंच्या गल्लतीत आहे.

अक्षराची कड ओळखण्यासाठी डोळ्याला मुख्यतः गडद आणि फिका यांतला फरक लागतो. लाल आणि निळा यांची नावे वेगळी असली तरी उजेडाच्या हिशेबात दोन्ही गडदच आहेत. संगणकाच्या पडद्यावर पांढरा रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन दिव्यांच्या मिश्रणातून तयार होतो, आणि त्या पांढऱ्याचा उजळपणा १०० मानला तर हिरव्याचा वाटा सुमारे ७२, लालचा सुमारे २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ येतो. लाल आणि हिरवा मिळून होणारा पिवळा त्यामुळे ९३ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ पांढऱ्याइतकाच उजळ ठरतो. संकेतस्थळांवरचा मजकूर सर्वांना वाचता यावा म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष ठरले आहेत, त्यांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण मोजतात. पांढऱ्यावर काळे अक्षर असेल तर ते २१ ला १ येते, साध्या आकाराच्या अक्षरांना किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांना किमान ३ ला १ असावे अशी अपेक्षा आहे. शुद्ध निळ्यावर शुद्ध लाल अक्षर ठेवले तर हे प्रमाण २.१५ ला १ भरते. तुमचे पिवळे आकडे मात्र त्याच निळ्यावर ८ ला १ होते, आणि आठवून पाहिलेत तर मागच्या रांगांतल्या मंडळींनी आकड्यांबद्दल फारशी तक्रार केली नसावी, असे मला वाटते.

निळ्यावरच्या लाल अक्षरांत आणखी एक खोट आहे. डोळ्यातले भिंग निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा अधिक वाकवते, त्यामुळे दोन्ही रंग एकाच वेळी नेमके स्पष्ट होत नाहीत, आणि पुष्कळांना लाल अक्षरे निळ्याच्या पुढे तरंगत असल्यासारखी किंवा कडेने थरथरत असल्यासारखी दिसतात. जत्रेतल्या नाटकाच्या पाटीवर ते आकर्षक वाटेल, पण मच्छीमारांना मिळणाऱ्या डिझेल परताव्याचा तक्ता वाचणाऱ्याला त्याने डोकेदुखीच होते.

हे सारे गणित करीत बसण्याची तुम्हाला गरज नाही. स्लाइड तयार झाली की मोबाइलने तिचे छायाचित्र घ्या आणि ते कृष्णधवल करून पाहा, कारण ही सोय आता प्रत्येक फोनमध्ये असते. जी अक्षरे राखाडीत राखाडी होऊन विरून जातील ती सभागृहातही विरणार आहेत, मग लॅपटॉपवर ती कितीही सुरेख दिसोत. माझ्या शिक्षणात ही कसोटी कुणी सांगितली असती तर मी पुष्कळ मुलांचे पुष्कळ कागद वाचवले असते.

आता प्रोजेक्टरकडे वळू, कारण लॅपटॉपवरचे सौंदर्य सभेत कुठे गेले याचे अर्धे उत्तर तिथे आहे. प्रोजेक्टर पडद्यावर उजेड टाकू शकतो, पण अंधार टाकू शकत नाही. स्लाइडमधला काळा म्हणजे जिथे त्याने उजेड टाकला नाही ती जागा, आणि तिथे तुम्हाला दिसतो तो खोलीतल्या उजेडात नहालेला पांढरा पडदा. आपल्याकडच्या संस्थांचे हॉल वाऱ्यासाठी बांधलेले असतात. दोन्ही बाजूंना खिडक्या, मागे सताड उघडे दार आणि दाराबाहेर सप्टेंबरातले ऊन किंवा पावसाचा पांढुरका उजेड, अशी त्यांची रचना असते. समजा, या उजेडामुळे पडद्यावर प्रोजेक्टरच्या पांढऱ्याच्या निम्मा प्रकाश आधीच पडलेला आहे. मग पांढरा १०० चा १५० होईल आणि काळा शून्याचा ५० होईल, म्हणजे २१ ला १ असलेले उत्तमातले उत्तम प्रमाण ३ ला १ वर येईल. तुमच्या निळ्यावरच्या लालचे त्याच हिशेबाने सव्वाला एक होते. निळा आणखी गडद केला असता, अगदी शाईसारखा केला असता, तरी ते दीडपर्यंतही पोचले नसते. मागच्या रांगेतली माणसे खरेच बोलत होती.

म्हणून रंग निवडण्याच्या आधी पडद्यालगतच्या खिडक्यांचा बंदोबस्त करा. सगळा हॉल काळोखा करण्याची आवश्यकता नाही, आणि लोकांना तो आवडतही नाही, कारण अंधारात अहवालाची छापील प्रत वाचता येत नाही आणि दुपारच्या जेवणानंतरची सभा असेल तर निम्मे सभासद झोपतात. पडद्यावर थेट उजेड टाकणाऱ्या दोन खिडक्यांना जाड कापड बांधले आणि पडद्यावरची ट्यूब बंद ठेवली तरी पुरते. उजेड असलेल्या हॉलमध्ये पार्श्वभूमी पांढरी किंवा किंचित पिवळसर पांढरी आणि अक्षरे जवळजवळ काळी, हीच जोडी घ्यावी. पार्श्वभूमी उजळ असली की डोळ्याची बाहुली आकसते आणि अक्षराची कड अधिक रेखीव दिसते, आणि वयस्क सभासदांना याचा विशेष उपयोग होतो. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते, निळा प्रकाश आत कमी पोचतो, आणि गडद निळा व काळा किंवा फिका निळा व फिका हिरवा यांतला भेद पुसट होतो. आयुष्यभर समुद्रावरची तिरीप डोळ्यांवर घेतलेल्या आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढे ढकलत आलेल्या माणसांपुढे तुम्ही बोलणार आहात, हे रंग निवडताना समोर ठेवा.

जाता जाता पिवळ्याबद्दल सांगतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पिवळे अक्षर लिहू नये हे तुम्हाला कळतेच, कारण तिथे प्रमाण १.०७ ला १ येते, म्हणजे काहीच येत नाही. पण भरीव पिवळाही भाड्याच्या प्रोजेक्टरवर दगा देतो. पुष्कळ स्वस्त प्रोजेक्टरांत रंगांची एक चकती गरगर फिरत असते आणि तिच्यात लाल, हिरव्या व निळ्या काचांबरोबर उजेड वाढवण्यासाठी एक बिनरंगी काचही असते, त्यामुळे पांढरा लख्ख दिसतो आणि त्याच्या शेजारी रंग मात्र मळके पडतात. सर्वांत अधिक मळतो तो पिवळा, त्याची पार मोहरी होते. त्यामुळे जो प्रोजेक्टर सभेला येणार आहे तोच आदल्या दिवशी मागवून त्यावर स्लाइड पाहिल्याशिवाय रंग पक्के करू नका.

त्या तांडेलांचा प्रश्न मला तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. न पाहता कुणाच्या डोळ्यांचे निदान करू नये हे मला मान्य आहे, पण लाल आणि हिरवा यांतला भेद न दिसणारे पुरुष आपल्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ अधिक असतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आणि स्त्रियांत साधारण अर्धा टक्का मोजले गेले आहे. भारतात ते काहीसे कमी आहे, तरी पाऊणशे पुरुष सभासद बसलेल्या सभेत अशी दोनतीन माणसे असणे अगदी स्वाभाविक आहे. हा दोष जन्मतः असतो आणि आईकडून मुलाकडे येतो, आईला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो, आणि ज्याला तो असतो त्यालाही कित्येकदा आयुष्यभर कळत नाही, कारण आपल्याला जे दिसते तेच सर्वांना दिसते असे कोणीही धरून चालतो. या दोषाच्या एका प्रकारात लाल रंग केवळ वेगळा न दिसता काळपटही दिसतो. म्हणजे ज्या सभासदांना तो प्रकार असेल त्यांना निळ्यावरची लाल अक्षरे जवळजवळ नसल्यासारखीच होती.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. निसर्गचित्रात तो आंब्याची पाने तपकिरी आणि तांबड्या जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, हिरवट रंगवायचा. मी त्याला दोनदा समज दिली आणि तिसऱ्यांदा, टिंगल करतो आहे असे समजून, वर्गाबाहेर उभे केले. काही वर्षांनी तो बोटीवर नोकरीला लागण्यासाठी वैद्यकीय तपासणीला गेला आणि शिनोबू इशिहारा या जपानी नेत्रतज्ज्ञांनी १९१७ साली तयार केलेल्या त्या रंगीत ठिपक्यांच्या तक्त्यांतले आकडे त्याला दिसले नाहीत. डेकवरच्या नोकरीत रंगदृष्टी लागतेच, ती वाट बंद झाली. तो घरी येऊन मला भेटला तेव्हा त्याने एकच विचारले, "सर, तुम्हाला आमच्या गडग्याचा रंग पानांहून वेगळा दिसतो?" तेव्हापासून लाल आणि हिरवा एवढ्याच फरकावर मी कोणतीही गोष्ट सोपवलेली नाही.

समुद्रावरच्या लोकांना हे सांगायचीही गरज पडू नये, कारण त्यांच्या धंद्यात रंगाला एकटे कधी सोडत नाहीत. बंदरात शिरताना डाव्या हाताला लाल बोया, म्हणजे वाट दाखवणारी तरंगती खूण, असते आणि उजव्या हाताला हिरवी, पण डावीकडची बोया नळकांड्याच्या आकाराची आणि उजवीकडची शंकूच्या आकाराची असते. जगातली बंदरे या बाबतीत दोन विभागांत वाटली आहेत. भारत पहिल्या विभागात येतो, तर अमेरिकेची दोन्ही खंडे, जपान, कोरिया आणि फिलिपिन्स दुसऱ्या विभागात येतात आणि तिथे लाल व हिरव्याची अदलाबदल होते. आकार मात्र दोन्हीकडे तेच राहतात, डावीकडे नळकांडे आणि उजवीकडे शंकू. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत, म्हणजे खेळायच्या गोल पत्त्यांतही हीच हुशारी आहे. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने अशा त्या १२० गोल पानांत मासा, कासव, वराह अशा खुणा असतात, आणि खेळणाऱ्याला पानाच्या पार्श्वभूमीच्या रंगापेक्षा त्या खुणेचाच आधार अधिक असतो. पानांच्या जातीला आपल्या भाषेत 'रंग' म्हणत असले तरी.

तुमच्या आलेखात याचा अर्थ असा की माशांची नावे कोपऱ्यातल्या रंगीत चौकटींच्या सूचीत न देता प्रत्येक रेघेच्या उजव्या टोकाला, तिथल्या तिथे लिहावीत. सूची असली की पाहणाऱ्याला रेघेचा रंग लक्षात ठेवून नजर कोपऱ्यात न्यावी लागते आणि तिथे तो रंग पुन्हा शोधावा लागतो. ज्यांची रंगदृष्टी उत्तम आहे त्यांचेही यात फसते, कारण सूचीतली भरीव चौकट आणि बारीक रेघ यांचा एकच रंग डोळ्याला एकसारखा दिसत नाही. शेजारी काय आहे त्यावर रंग बदललेला भासतो. पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेवरल यांच्याकडे काळा धागा नीट काळा दिसत नाही अशी तक्रार आली होती. त्यांनी शोध घेतला तेव्हा दोष रंगात नसून त्याच्या शेजारच्या धाग्यांत निघाला, आणि याच विषयावर त्यांनी १८३९ मध्ये सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. रेघेच्या टोकाला नाव असले की हा सगळा घोळच उद्भवत नाही, आणि तांडेलांना काही विचारावेही लागत नाही.

सचिवांचे म्हणणे, रंग नकोच, हे मी निम्मे मान्य करतो. सर्व काही काळ्या-पांढऱ्यात केले तर वाचनाची अडचण दूर होईल, पण पाच रेघांतली कोणती पाहायची हे सभासदांना कळणार नाही, आणि ते दाखवणे हेच रंगाचे खरे काम आहे. नौकानयनाचे नकाशे एकदा पाहा. आपल्या किनाऱ्याचे नकाशे डेहराडूनचे नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस प्रसिद्ध करते. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात समुद्र जितका खोल तितका निळा गडद असतो, आणि या नकाशांत नेमके उलट आहे. जमीन फिक्या पिवळसर रंगात, ओहोटीला उघडी पडणारी पुळण हिरवट, उथळ पाणी निळे आणि खोल समुद्र कोरा पांढरा, अशी ती मांडणी असते. खोल पाण्यात नौकेला काही होत नाही, म्हणून तिथे रंग खर्ची घातलेला नाही. तळ लागण्याचा धोका जिथे आहे तिथे तो घातला आहे. समुद्र निळा असतो म्हणून पार्श्वभूमी निळी, असा जो विचार तुम्ही केलात तो शाळेच्या नकाशाचा आहे. यंदा तांडेलाच्या नकाशाने चाला.

तेव्हा प्रत्येक आलेख काढण्यापूर्वी, या आलेखावरून मी कोणते एक वाक्य बोलणार आहे, हे कागदावर लिहून काढा. पाच वर्षांत तारली वाढली आणि बांगडा घटला, असे वाक्य असेल तर त्या दोनच रेघांना रंग द्या आणि सुरमई, पापलेट व कोळंबी यांच्या रेघा मध्यम राखाडीत ठेवा. त्या दिसतील, त्यांची नावेही वाचता येतील, पण त्या मध्ये बोलणार नाहीत. भाच्याला प्रेमाने सांगा की प्रत्येक स्लाइडला वेगळा रंग दिला की रंग बदलला म्हणजे विषय बदलला असे लोक समजतात, आणि मग खरोखर विषय बदलतो तेव्हा दाखवायला काही उरत नाही. ज्या स्लाइडवर बांगडा निळा आहे, तिच्यानंतरच्या प्रत्येक स्लाइडवर तो निळाच राहिला पाहिजे, स्तंभालेखातही आणि तक्त्यातही.

आता रंगांचे नाव घेतो. दृष्टिदोष असलेल्यांनाही वेगळे ओळखू यावेत म्हणून मासाताका ओकाबे आणि केई इतो या दोन जपानी शास्त्रज्ञांनी आठ रंगांचा एक संच सुचवला आहे आणि तो जगभर वापरला जातो. त्यातला निळा (लाल ०, हिरवा ११४, निळा १७८) आणि शेंदरी (लाल २१३, हिरवा ९४, निळा ०) हे दोन तुम्हाला पुरतील. स्लाइडच्या सॉफ्टवेअरमध्ये 'आणखी रंग' निवडले की हे आकडे भरता येतात. पांढऱ्यावर निळ्याचे प्रमाण ५.२ ला १ येते, म्हणून तो अक्षरांनाही चालेल. शेंदरीचे ३.९ येते, म्हणून तो जाड रेघांना आणि मोठ्या मथळ्यांनाच वापरा. एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. हे दोन रंग दृष्टिदोष असलेल्यांना वेगळे दिसत असले तरी त्यांचा उजळपणा जवळपास सारखा आहे, त्यामुळे वर सांगितलेल्या कृष्णधवल कसोटीत ते एकमेकांत मिसळतात. अहवालाची प्रत तुम्ही झेरॉक्स करून वाटणार असाल तर नेमके तेच होईल. म्हणून निळी रेघ अखंड आणि शेंदरी रेघ तुटक ठेवा.

लाल रंगाला मी जवळजवळ बाद केला आहे, आणि त्याचे कारण केवळ डोळ्यांचे नाही. कोकणात पावसाळ्यातले चार महिने लाल रंगाला एक ठरलेला अर्थ असतो. हवामान खात्याचे हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल हे चार इशारे आता शाळकरी पोरांनाही पाठ आहेत, आणि रेड अलर्ट म्हटले की होड्या वर ओढायच्या हे कुणाला समजावून द्यावे लागत नाही. असा अर्थ ज्या रंगाला आधीच चिकटला आहे तो कोळंबीच्या रेघेला देऊ नये, कारण कोळंबीचे काहीतरी बिघडले आहे असेच लोक धरून चालतील. तो राखून ठेवा आणि संपूर्ण सादरीकरणात एकदाच, थकबाकी मुदतीबाहेर गेलेल्या आकड्याला वापरा. तिथेही आकडा ठळक करा आणि बाजूला 'मुदतबाह्य' असा शब्द लिहा.

यापेक्षा नाजूक गोष्ट निराळी आहे, आणि तुमच्या संस्थेत ती उद्भवण्याचा संभव आहे म्हणून स्पष्ट लिहितो. रापणकार, गिलनेटवाले आणि पर्ससीनवाले अशा वेगवेगळ्या जाळ्यांनी मासेमारी करणाऱ्या गटांच्या आवकेची तुलना करणारी स्लाइड करायची वेळ आली तर एकाला हिरवा आणि दुसऱ्याला लाल देऊ नका. तुमच्या मनात काही नसले तरी लाल मिळालेल्या बाजूला आपल्याला गुन्हेगार ठरवले असे वाटेल, आणि सभा आकड्यांवरून उठून रंगावर जाईल. तिथे एकाच निळ्याच्या गडद आणि फिक्या छटा घ्या आणि स्तंभांवर नावे लिहा. निवडणुकीचे दिवस असतील तर भगवा, हिरवा आणि गडद निळा यांच्या मोठ्या पट्ट्या, किनारी आणि पार्श्वभूमी हेही टाळावे. बारीक रेघेला कुणी पक्ष चिकटवत नाही, पण रुंद पट्ट्याला चिकटवतात.

गावागावांतल्या आवकेचा नकाशा दाखवण्याचा विचार असेल तर तिथेही हीच रीत ठेवा, म्हणजे एकच रंग कमीला फिका आणि जास्तीला गडद. इंद्रधनुष्याचे सात रंग वापरणारे नकाशे दिसायला उत्साही असतात, पण पिवळ्यापेक्षा जांभळा अधिक की कमी हे डोळ्याला आपोआप कळत नाही, त्याला दर वेळी सूची पाहावी लागते. छटा चारच ठेवा. पाचव्या छटेनंतर प्रोजेक्टर शेजारच्या दोन छटा एकच करून टाकतो. निळ्याने मन शांत होते आणि नारिंगीने उत्साह येतो असे जे सांगितले जाते त्याच्या नादी मात्र लागू नका. डिझेल परतावा रखडला असेल तर सभासद कोणत्याही रंगाने शांत होणार नाहीत.

सभेच्या आदल्या दिवशी, सभा ज्या वेळी आहे त्याच वेळी आणि खिडक्या तशाच ठेवून, प्रोजेक्टर लावा आणि त्या तांडेलांना चहाला बोलवा. ते पुढे बसू पाहतील, पण त्यांना शेवटच्या रांगेत बसण्याची विनंती करा. तुम्ही काही न सांगता त्यांना पडद्यावरचे मोठ्याने वाचू द्या, आणि आलेख आला की बांगड्याची रेघ कुठली ते त्यांनाच विचारा. जिथे ते अडखळतील तिथे रंग बदलण्याआधी अक्षर मोठे करून पाहा आणि रेघ जाड करून पाहा. त्यानेही भागले नाही तर त्या स्लाइडवरचा मजकूर निम्मा करा आणि उरलेला छापील अहवालात जाऊ द्या.